माळ्यावरची बार्बी खरंच लाखाला विकली जाते का? बाहुल्यांच्या रिसेलचं गणित

इन्स्टाग्रामवर एक ठरलेलं रील असतं. कुणीतरी माळ्यावरची जुनी पेटी उघडतं, आतून बार्बी निघते, ती उलटी केली जाते आणि कमरेखाली कोरलेल्या १९६६ या आकड्यावर कॅमेरा झूम होतो. खाली लिहिलेलं असतं, 'किंमत ऐकून थक्क व्हाल'. मग कमेंटमध्ये लोक आपापल्या घरातल्या बाहुल्यांचे भाव विचारायला लागतात.

पहिली गोष्ट, १९६६ हे त्या बाहुलीचं जन्मसाल नाही. शरीराचा तो साचा ज्या वर्षी नोंदवला गेला, ते ते साल आहे. मॅटेल कंपनीने तोच शिक्का पुढची तीसेक वर्षं वापरला. त्यामुळे १९९५ साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या बार्बीच्या पाठीवरही १९६६ सापडतं. तिच्या डोक्याच्या मागे बऱ्याचदा १९७६ असतं, तेही चेहऱ्याच्या साच्याचं साल. बाहुली नेमकी कधीची ते खोक्यावरच्या सालावरून आणि कपड्यांवरून कळतं. पण खोकं तर आपण दिवाळीच्या साफसफाईत कधीच रद्दीत घातलेलं असतं.

मग खरोखर महाग बाहुली कोणती?

९ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या टॉय फेअरमध्ये रूथ हँडलर यांनी बार्बी पहिल्यांदा लोकांसमोर आणली. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्विमसूट, किंमत तीन डॉलर. या पहिल्या खेपेतल्या बाहुलीची ओळख तिच्या तळपायात असते. स्टँडवर उभी करण्यासाठी पायांना भोकं होती आणि त्यात तांब्याच्या नळ्या बसवलेल्या होत्या. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ती भोकं गेली. आज चांगल्या अवस्थेतली पहिली आवृत्ती हजारो डॉलरना जाते. यात फसगतही होते, कारण १९९४ साली ३५ वर्षं झाली म्हणून मॅटेलने याच बाहुलीची नवी प्रतिकृती काढली होती. ती स्वस्तात मिळते, पण फोटोत दिसते अगदी तशीच.

सुरुवातीच्या बाहुल्या इतक्या कमी का उरल्या? एक तर मुली त्यांच्याशी खेळल्या. केस कापले, चेहऱ्यावर पेन फिरवलं, डोकं उपटलं. त्यात १९६७ साली मॅटेलने कमरेत वळणारी नवी बार्बी आणली आणि स्कीम काढली, जुनी बार्बी आणा, वर दीड डॉलर द्या आणि नवी घेऊन जा. आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांवर पातेलं देते, तसाच हा व्यवहार. अमेरिकेतल्या मुलींनी आनंदाने जुन्या बाहुल्या दुकानात नेऊन दिल्या. आज त्याच पिढीच्या बाहुल्यांसाठी संग्राहक रात्र रात्र ऑनलाइन लिलाव बघत बसतात.

आता याच्या उलटा किस्सा. १९८८ साली ख्रिसमससाठी लाल गाऊनमधली 'हॅपी हॉलिडेज' बार्बी आली. माल कमी, मागणी जास्त, त्यामुळे थोड्याच वर्षांत तिचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. लोकांनी धडा घेतला, पण चुकीचा. पुढच्या प्रत्येक वर्षीची हॉलिडे बार्बी त्यांनी 'मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडेल' अशा हिशोबाने विकत घेतली आणि न उघडता कपाटात ठेवली. मागणी बघून मॅटेलनेही भरपूर माल काढला. परिणाम असा की नव्वदच्या दशकातल्या हॉलिडे बार्बी आज सीलबंद खोक्यासकट ढिगाने उपलब्ध आहेत आणि बऱ्याचशा मूळ किमतीच्या आसपास किंवा त्याहून स्वस्तात जातात. महागाई धरली तर तोटाच.

थोडक्यात, जी बाहुली सगळ्यांनी फेकली ती महागली आणि जी सगळ्यांनी जपली तिला गिऱ्हाईक नाही.

पण सगळा खेळ वयाचाही नाही. ब्लाइथ नावाची मोठ्या डोक्याची बाहुली केनर या अमेरिकन कंपनीने १९७२ साली काढली. मागची दोरी ओढली की तिच्या डोळ्यांचा रंग बदलायचा. लहान मुलींना ती आवडली नाही आणि वर्षभरात बंद पडली. पुढे न्यूयॉर्कच्या जीना गॅरन यांनी तिला जगभर सोबत नेऊन फोटो काढले आणि २००० साली त्यांचं पुस्तक आलं. २००१ साली जपानच्या तकारा कंपनीने नवी ब्लाइथ आणली. कुणी विचारत नव्हतं ती १९७२ची मूळ बाहुली मग शेकडो, कधी हजारो डॉलरना जाऊ लागली. बाहुली तीच होती, बदलले ते तिच्याकडे बघणारे लोक.

सध्याच्या बाजारात मात्र भावाची चावी बरीचशी कंपनीच्याच हातात असते. मॅटेलच्या मॉन्स्टर हाय बाहुल्या २०१० साली आल्या, नंतर बंद पडल्या. त्या बघत मोठी झालेली पोरं कमवायला लागली आणि जुन्या बाहुल्यांचे भाव चढले. हे बघून मॅटेलने २०२० साली भयपटांवर आधारलेली 'स्कलेक्टर' मालिका सुरू केली. माल मोजका आणि विक्री ऑनलाइन. खऱ्या चाहत्याचं पेज लोड होईपर्यंत रिसेलवाल्यांचा बॉट पेमेंट करून मोकळा होतो आणि संध्याकाळपर्यंत तीच बाहुली दुप्पट-तिप्पट भावात दुसऱ्या साइटवर दिसते.

यावर उपाय नाही असं नाही. २०२३ साली 'बार्बी' सिनेमा आला तेव्हा त्यातली कापलेल्या केसांची, रेघोट्या मारलेल्या चेहऱ्याची 'वियर्ड बार्बी' सगळ्यांना हवी होती. मॅटेलने ५० डॉलर किंमत लावली, ठराविक मुदतीपर्यंत येईल त्याची ऑर्डर घेतली आणि तेवढ्या बाहुल्या बनवायला घेतल्या. बाहुली हाती यायला काही महिने थांबावं लागलं, पण मुदतीत ऑर्डर देणाऱ्याला रिसेलवाल्याच्या दारात जायची गरज उरली नाही. तसंच २०२२ साली मॉन्स्टर हायच्या पहिल्या बाहुल्यांच्या प्रतिकृती दुकानात आल्या आणि ज्यांना फक्त ती बाहुली हवी होती, त्यांना जुन्या बाहुलीसाठी वाट्टेल तेवढे पैसे मोजायची गरज संपली. ज्यांनी गुंतवणूक म्हणून साठा केला होता, त्यांना मात्र हे फारसं रुचलं नसणार. कंपनीने एक निर्णय घेतला की तुमच्या 'दुर्मीळ' मालाची दुर्मिळताच संपते, हे बाहुलीत पैसे घालताना कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट सांगत नाहीत, ती म्हणजे प्लास्टिकचं आयुष्य.

संग्राहकांच्या भाषेत 'एनआरएफबी' म्हणजे खोक्यातून कधीही न काढलेली बाहुली, आणि भाव तिलाच जास्त. पण खोकं बंद ठेवलं म्हणून रसायनशास्त्र थांबत नाही. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. ते वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर पाझरतं आणि पाय चिकट होतात. जुन्या बार्बींच्या धातूच्या कानातल्यांमुळे कानाभोवती हिरवा डाग पडतो. २०००नंतरच्या बऱ्याच बाहुल्यांच्या डोक्यात केस पक्के बसावेत म्हणून जो गोंद घातला, तो पुढे बाहेर झिरपतो आणि केस तेल चोपडल्यासारखे होतात. याला 'ग्लू हेड' म्हणतात. धुतल्यावर केस स्वच्छ दिसतात, पण काही दिवसांत पुन्हा तेच. खोक्यातले रबर वितळून कपड्यांना चिकटतात ते वेगळंच. उष्णतेने हे सगळं लवकर होतं आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत पुठ्ठ्याच्या खोक्याला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

भारतातल्या संग्राहकांची अडचण आणखी वेगळी. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क बंधनकारक झाला. परदेशातल्या दुकानात जे सर्रास दिसतं, ते इथे येतच नाही किंवा महाग पडतं. त्यामुळे बराचसा व्यवहार इन्स्टाग्राम, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. आधी पैसे पाठवा, मग कुरियर. इथे फसवणूक व्हायला फार डोकं लागत नाही. म्हणून विकणाऱ्याकडून आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी बाहुलीशेजारी ठेवून व्हिडिओ मागा. डोकं फिरवून मानेचा जोड दाखवायला सांगा, कारण एका बाहुलीचं डोकं दुसरीच्या धडावर बसवणं अगदी सोपं असतं. यात टाळाटाळ करणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

आपल्याकडच्या बाहुल्यांना बाहेर मागणी आहे, हेही खरं. व्हीआयपी बॅगवाल्या ब्लो प्लास्ट समूहाची लिओ मॅटेल ही कंपनी भारतात बार्बी बनवायची. त्यातल्या साडी नेसलेल्या, टिकली लावलेल्या बार्बी परदेशातले संग्राहक आवर्जून शोधतात. अट एकच, साडी, दागिने आणि खोकं मूळचं हवं.

भाव बघायचा तर ईबेवर 'सोल्ड आयटम्स' हा फिल्टर लावा. रीलमध्ये दाखवतात तो मागितलेला भाव असतो, आणि मागायला काय, कुणी दहा लाखही मागेल. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बाहुलीची रक्कम या फिल्टरमध्ये दिसते. आणि हा आकडा बघण्याआधी माळ्यावरच्या बाहुलीच्या पायांवरून एकदा बोट फिरवून घ्या. चिकट लागले, तर तो भाव तुमच्या बाहुलीचा नाही.