उन्हाळ्याला बिघाड समजणारे यंत्र

नोव्हेंबर २०२५मध्ये हैदराबादेत सॅफ्रान या फ्रेंच कंपनीचे विमानांच्या लीप इंजिनांचे दुरुस्ती केंद्र सुरू झाले आणि ‘हे नागपूरच्या मिहानला येणार होते’ ही २०२२ची हळहळ आर्वीपासून नागपूरपर्यंत पुन्हा ऐकू आली. हळहळ रास्तच आहे. पण बोइंगने उभारलेले आणि २०१५पासून चालू असलेले देखभाल केंद्र मिहानमध्ये आहेच. एअर इंडिया टाटांकडे गेली तरी ते एआयईएसएल या सरकारी विमान-देखभाल कंपनीकडे राहिले.

बिघाड होण्याआधीच ओळखायचा, हा विमान देखभालीच्या धंद्याचा नवा मंत्र. बोइंगच्या ड्रीमलायनर विमानाच्या एका उड्डाणातून अर्धा टेराबाइट डेटा निघेल, असे व्हर्जिन अटलांटिकने २०१३मध्ये सांगितले होते. असल्या आकड्यांनी मी तरी भारावून जात नाही. त्यातले काय ठेवायचे, हे कळणे महत्त्वाचे.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान, म्हणजे ईजीटी, घ्या. इंजिन झिजले की तेवढ्याच जोरासाठी ते जास्त तापते. पण मे महिन्यात, पारा ४५वर असताना नागपूरहून उडालेले धडधाकट इंजिनही डिसेंबरपेक्षा गरमच दिसणार. म्हणून प्रत्येक आकडा आधी १५ अंशांच्या प्रमाण हवेवर आणावा लागतो. ते केले नाही, तर संगणक विदर्भाच्या उन्हाळ्यालाच बिघाड समजेल.

दुसरी गोम लॉगबुकात. कॉम्प्रेसर पाण्याने धुतला की ईजीटी उतरते. धुतल्याची तारीख एका नोंदीत, तापमान दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्ही जोडल्या नाहीत, तर इंजिन आपोआप बरे झाले असे यंत्र शिकते. माझ्या मते गाडी अडते ती इथेच.

असे बिघाड ओळखण्याच्या सरावासाठी नासाचा २००८चा सी-मॅप्स हा डेटासंच मोफत मिळतो. त्याच्या पहिल्या भागातल्या प्रशिक्षण फाइलमध्ये संगणकावर चालवलेली १०० इंजिने, २१ सेन्सर आणि २०,६३१ ओळी आहेत. सात सेन्सर जवळजवळ हलतच नाहीत. ते वगळले की १४ उरतात. पण दुसऱ्या भागात उंची आणि वेग बदलतात, तेव्हा तेच वगळलेले सेन्सर हलू लागतात.

आर्वीकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी काढतात, फेकत नाहीत. कच्च्या नोंदीही तशाच जपायला हव्यात. कंपनाचा क्षणभराचा झटका बेअरिंग खराब होत असल्याची खूण असू शकतो. नुसती सरासरी ठेवली, तर तो कायमचा गेला.

वर्धा-नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना नासाचा हा डेटासंच द्यावा. आणि एआयईएसएलने विमानांची ओळख पुसून जुन्या ईजीटी नोंदी, लॉगबुकांसह, या मुलांसाठी खुल्या कराव्यात.