सगळ्यांदेखत विचारलेला प्रश्न

आम्हां वऱ्हाडी माणसांना कोणाची जात हवी असली, की आम्ही जात विचारीत नाही, "आडनाव काय म्हणालात?" असे विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर "मूळ गाव कोणते?" विचारणारा ओशाळलेला, सांगणारा सावध, आणि समोरचा चहा निवत चाललेला! अकोल्यात भाड्याची खोली शोधताना हा संवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. विषय सर्वांच्या मनात, तोंडी मात्र कोणाच्याच नाही.

हाच विषय आमच्याच मुलखातल्या एका माणसाने भर चव्हाट्यावर आणला, आणि तोही लोकांना हसवीत हसवीत. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेला, आणि अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्यास मामाकडे वाढलेला डेबूजी, म्हणजेच आपले गाडगेबाबा.

दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. कीर्तनात पांडित्य नाही. अस्सल वऱ्हाडीत नुसती प्रश्नांची सरबत्ती. देवाला आंघोळ कोण घालतो? "आपण!" धोतर कोण नेसवतो? "आपण!" नैवेद्यावरचे कुत्रे कोण हाकलतो? पुन्हा "आपण!" आणि मग हशाच हशा! जातींचाही असाच हिशेब होई, आणि बेरीज येई दोन: बाई आणि पुरुष.

गोम अशी, की उत्तर श्रोत्याच्याच तोंडून निघे. स्वतःच्याच उत्तरावर रागवायचे कसे? शिवाय सांगणारा उंच आसनावर बसलेला नसे. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचे खापर, आणि पाया पडू देणार नाही!

बाबा नुसते हसवून थांबले नाहीत. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबाही गेले. अमरावतीस त्यांची समाधी आहे, आणि तिथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आता दिवाळीच्या फराळाला मंडळी जमतील. चकलीबरोबर कोणाच्या तरी जातीवरचा एखादा विनोदही हमखास निघेल. तेव्हा एवढेच पाहावे, की ज्याच्यावर विनोद झाला तो माणूस आपल्या पंगतीला असता, तर हसला असता का? आणि तो पंगतीला का नाही? बाबा असते, तर हा दुसरा प्रश्न त्यांनी सगळ्यांदेखत विचारला असता.