आधी कविता, मग तिची फजिती

विदर्भातल्या जानेफळच्या माझ्या वर्गात घरी वऱ्हाडी बोलणारी पोरं आहेत, बंजारा तांड्यावरची गोरबोली बोलणारीही. पुस्तकातली मराठी कविता त्यांना जवळपास परकीच. 'भावार्थ लिहा' म्हटलं की सगळे गाइडातला उतरवतात. म्हणून मी विडंबन लिहायला लावतो. चाल तीच, विषय मात्र सोयाबीनचा पडलेला भाव, नाहीतर न आलेली मेहकरची एसटी. अट एकच: वृत्त मोडायचं नाही. मग पोरं बोटांवर मात्रा मोजतात, यमकावरून भांडतात, आणि मूळ कवीनं हाच शब्द का घेतला, हे न सांगता विचारतात.

ही खोडी जुनीच. आचार्य अत्र्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह १९२५ साली 'केशवकुमार' या नावानं आला. त्या काळच्या रविकिरण मंडळ या कविगटाची त्यात यथेच्छ टिंगल आहे. पण अशी टिंगल करायला त्या कविता अंगात मुरलेल्या लागतात. आणि अत्रे पेशानं शिक्षक होते, बरं का!

पथ्य एक पाळावं. मूळ कविता आधी मोठ्यानं, गंभीरपणे वाचायची. हसायचं ते कवितेच्या थाटाला, कुणाच्या वऱ्हाडी 'कायले'ला ('कशाला'ला) नव्हे. बोलीवर वर्ग हसला, की ते पोर वर्षभर तोंड उघडत नाही.