पेशींचा शेजारधर्म

जखम भरून येताना तिच्या कडेच्या पेशी वेगाने विभागू लागतात आणि त्वचा सांधली गेली की हा वेग आपोआप मंदावतो. वाढ कोठे थांबवायची, हे पेशींना कसे उमगते? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धनातून मिळाले आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठातील जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९६३ मध्ये उंदराच्या भ्रूणापासून मिळविलेल्या '३टी३' या पेशींची माहिती प्रसिद्ध केली. दर ३ दिवसांनी ३ लाख पेशी नव्या बशीत हलविण्याच्या पद्धतीवरून हे नाव पडले. पोषक द्रवात या पेशी बशीच्या तळाला चिकटून वाढतात. तळ भरून त्या एकमेकींना भिडल्या आणि एकपदरी थर तयार झाला की विभाजन थांबते. पेशी मात्र जिवंत राहतात. थरावर ओरखडा काढल्यास कडेच्या पेशी मोकळ्या जागेत सरकतात व पुन्हा विभागू लागतात. यालाच स्पर्शजन्य वृद्धिरोध म्हणता येईल.

पेशींची दाटी झाली की 'हिप्पो' ही संदेशसाखळी सक्रिय होते आणि विभाजनाला चालना देणारे 'यॅप' हे प्रथिन केंद्रकाबाहेर रोखून धरते. अर्थात, स्पर्श हे एकमेव कारण नव्हे. द्रवातील सीरमचे प्रमाण वाढविल्यास त्याच बशीत अधिक पेशी वाढतात.

कर्करोगाच्या पेशी बहुधा हा शेजारधर्म पाळत नाहीत. त्या एकमेकींवर रचल्या जाऊन ढीग बनवितात. याच फरकाचा उपयोग करून मोठा शोध लागला. मानवी मूत्राशयाच्या कर्करोगातील डीएनए ३टी३ प्रकारच्या पेशींत सोडला असता सपाट थरावर असे ढीग उगवले. त्यांचा माग काढत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्यासह अमेरिकेतील संशोधकांनी १९८२ मध्ये 'रास' हे जनुक वेगळे केले. त्यातील अवघ्या एका अक्षराचा बदल पेशीला बेबंद करण्यास पुरेसा होता.

रास कुटुंबातीलच के-रास जनुकातील एका विशिष्ट बदलावर काम करणाऱ्या सोटोरासिब या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्यामागील संशोधनाचा एक धागा थेट बशीतील त्या ढिगांपर्यंत जातो.