खवळलेला दर्या आणि कृत्रिम आमिष

किनाऱ्यावरून गळ टाकणे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आमच्या वर्गातील पुष्कळांचे मत आहे. मला मात्र तो निरीक्षणाचा आणि विवेकाचा अभ्यास वाटतो. विशेषतः नारळी पौर्णिमा उलटून गेली तरी कोकणचा दर्या पुरता निवलेला नसतो, तेव्हा.

जिवंत कोळंबीऐवजी अलीकडे लाकडी, प्लॅस्टिकची वा धातूची आमिषे वापरतात. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचातून कोरलेल्या माशावर चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. जखमी मासळीसारखी डळमळ, हेच त्यातील मर्म.

उधाणलेल्या पाण्यात पहिला विचार वजनाचा. समोरून वारा असता हलके, लांबट आमिष हवेतच कोलांट्या खाते. आटोपशीर धातूची पट्टी वारा कापून जाते. मात्र काठीवर छापलेली ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. दुसरा विचार पकडीचा. तरंगते आमिष लाट उचलून किनाऱ्यावर फेकते. म्हणून बुडणारे, किंवा तोंडाशी रुंद जीभ असलेले घ्यावे. ओढताच ती जीभ पाण्यात रुतते आणि आमिष खाली जाते.

तिसरा विचार पाण्याच्या रंगाचा. फेस असूनही पाणी निवळ असेल, तर रुपेरी वा पांढरे आमिष चालते. खाडीच्या मुखाशी पाणी गढूळ असते. तिथे चकाकी निरुपयोगी. पाण्यातील कंपने माशाला अंगावरील पार्श्वरेषेने कळतात. म्हणून तिथे जाडसर, जोराने थरथरणारे, गडद रंगाचे आमिष घ्यावे आणि सावकाश ओढावे. जिताडा अशाच पाण्यात वावरतो. आमिष टाकावे ते फेसाच्या कडेला. लाटांनी भोवंडलेली लहान मासळी तिथेच सापडते, हे मोठ्या माशांना ठाऊक असते.

पण सर्वांत महत्त्वाची निवड आमिषाची नव्हे. मोठ्या लाटा एकामागून एक अशा गटाने येतात. मधली शांतता फसवी असते. म्हणून कातळावर उतरण्यापूर्वी मी पंधरा-वीस मिनिटे नुसता पाहत उभा राहतो. उभे राहायची जागा त्या वेळात एकदा जरी भिजली, तरी पेटी न उघडता परततो. तुटलेले आमिष बाजारात पुन्हा मिळते. घसरलेला पाय सावरायला दर्या सवड देत नाही.