बालकांचा कर्करोग आणि बाजाराचा न्याय

फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयात २०१२ साली रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या सहा वर्षांच्या मुलीवर एक अभिनव उपचार झाला. तिच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांत कर्कपेशी ओळखणारे जनुक घालून त्या पुन्हा तिच्या शरीरात सोडण्यात आल्या. मुलगी रोगमुक्त झाली. २०१७ साली अमेरिकेत या ‘कार-टी’ उपचारास मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत होती ४,७५,००० डॉलर! हे औषध प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र घडवावे लागते. त्यामुळे मोठ्या उत्पादनाने होणारी बचत येथे साधत नाही. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि खर्च सुमारे एक-दशांशावर आला. परंतु ती मान्यता १५ वर्षे व त्यावरील रुग्णांपुरतीच होती. घन गाठींच्या बालकर्करोगांवर तर हा उपचार अद्याप तितका प्रभावी ठरलेला नाही. पीएच.डी.नंतर अल्पमुदतीच्या शिष्यवृत्तीवर राबणारे तरुण संशोधक हे कोडे सोडवू पाहत आहेत. बालरुग्ण थोडे, म्हणून नफाही थोडा. खासगी भांडवल तिकडे सहजी वळणार नाही. तेव्हा या संशोधकांना दीर्घ मुदतीचे वेतन आणि बालरुग्णांवरील चाचण्यांना पुरेसे अनुदान देण्याची जबाबदारी शासनानेच उचलली पाहिजे.