लाजेचा नव्हे, तपासणीचा विषय
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी अनेक माणसे ऊसतोडीला जातात. नात्यातल्या एका दादाने गेल्या वर्षी उचलीतले काही पैसे रस्त्याकडेच्या तंबूतल्या 'वैद्या'ला दिले. लग्नाला वर्ष झाले होते, पण लिंगाला ताठरता येत नव्हती. वैद्याने लहानपणच्या सवयीला दोष देऊन पुड्या बांधून दिल्या. गुण आला नाही. वहिनी माहेरी गेली. पुढे पाय बधिर होतात म्हणून दादाने सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा मधुमेह निघाला. वय अवघे सव्वीस!

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून त्याने मला विचारले, "हे असं का होतं रे?" वाचून जे कळले ते येथे मांडतो.

ताठरता ही मुख्यतः रक्ताभिसरणाची क्रिया आहे. मज्जातंतूंमार्फत संदेश येतो, नायट्रिक ऑक्साइड तयार होते, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, रक्त आत भरते आणि परतीच्या नीला दाबल्या गेल्याने ते तेथेच थांबते. यातला एक दुवा निखळला तरी अडचण येते. मधुमेह मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोहोंना इजा करतो. तंबाखू, विडी व उच्च रक्तदाब यांनी वाहिन्या अरुंद होतात. अति दारू, अपघातात मणक्याला किंवा कटीच्या हाडाला बसलेला मार, टेस्टोस्टेरॉनची कमतरता, थायरॉईडचे विकार, मानसिक आजारावरील काही औषधे, शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टिरॉइडे, हीही कारणे असू शकतात.

तरुणांत चिंता हेही मोठे कारण असते. पहाटे आपोआप ताठरता येत असेल, तर शरीराची यंत्रणा बहुधा शाबूत असते. ती कधीच येत नसेल, तर शारीरिक कारण शोधलेच पाहिजे. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून बारीक असतात. त्यामुळे पुढच्या हृदयविकाराची सूचना कधी कधी येथे आधी मिळते.

हस्तमैथुनाने मात्र नपुंसकत्व येत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून लोकांच्या अशा शंकांना उघड उत्तरे दिली आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. तरी तंबू अजून उभेच आहेत!

दादाने तंबाखू सोडली आहे, साखर आटोक्यात येत आहे. वहिनी परतली आहे. सारे पूर्ववत झाले असे नाही, पण आता ती दोघे मिळून दवाखान्यात जातात. मित्रहो, पुडीआधी रक्त तपासा, एवढेच सांगणे.